क्लाऊडवर चढणं सोपं, उतरायचं कसं?

बेळगाव : नवा स्टार्टअप सुरू करताना पहिलाच प्रश्न येतो, वेबसाईट ठेवायची कुठे आणि लिहायची कशात? हातात पैसा कमी, म्हणून अनेकजण फुकट काय मिळतं तेच आधी बघतात. गोम तिथेच आहे.

हेरोकूने २८ नोव्हेंबर २०२२ पासून मोफत योजना गुंडाळल्या. पैसे भरा, नाहीतर दुसरीकडे जा, अशी वेळ छोट्या प्रकल्पांवर आली. जँगो किंवा लाराव्हेलसारखं खुलं फ्रेमवर्क आणि साधा पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर बिऱ्हाड हलवता येतं. एकाच कंपनीच्या खास सेवांभोवती कोड गुंफला असेल, तर बरंच काम पुन्हा करावं लागतं.

'बेसकॅम्प'वाल्या थर्टीसेव्हन सिग्नल्सचं २०२२ चं क्लाऊड बिल सुमारे ३२ लाख डॉलर होतं. त्यांनी स्वतःचे सर्व्हर घेतले. पण त्यांच्याकडे अनुभवी माणसं आहेत. दोघा-तिघांच्या टीमला तो पसारा झेपणारा नाही.

अंतराचा प्रश्न आता फारसा उरला नाही. ॲमेझॉनचं केंद्र मुंबईत २०१६ पासून, हैदराबादेत २०२२ पासून आहे.

मग करायचं काय? टीमला येतं तेच फ्रेमवर्क घ्या. ठराविक मासिक भाड्याचा छोटा सर्व्हर पुरतो. बिलाची मर्यादा ओलांडल्याचा इशारा लावा, मात्र इशाऱ्याने बिल आपोआप थांबत नाही. डेटाची एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. शिरण्याआधी बाहेरची वाट बघून ठेवलेली बरी.