डायपरचा पॅच

आमच्या नगरकडची (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) बरीच पोरं हिंजवडीत बसून ऑनलाइन अ‍ॅडल्ट डायपर मागवतात आणि आईला फोनवर सांगतात, "आजीला संध्याकाळनंतर पाणी देऊ नकोस." झालं कर्तव्य!

माझा दोन्हींवर आक्षेप आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची लघवी कपड्यात झाली म्हणजे दर वेळी मूत्राशयच बिघडलेलं असतं असं नाही. लागलेली कळते, पण संडास कुठे ते आठवत नाही, परकराची नाडी सुटत नाही, सांगायला शब्द सापडत नाही. त्यात वस्तीवरच्या घराचं डिझाइन बघा: संडास अंगणापलीकडे, वाटेत अंधार, लाइट गेलेली. तरणा माणूस ठेचकाळेल तिथे म्हातारी काय करणार? वर आपण म्हणणार, "मुद्दाम करते."

कालपर्यंत ठीक चाललेलं अचानक बिघडलं, तर कुठलाही प्रोग्रामर आधी विचारतो, बदललं काय? इथे कोणीच विचारत नाही. लघवीत जंतुसंसर्ग असेल, चार दिवस पोट साफ नसेल, बीपीसाठी लघवीची गोळी सुरू झाली असेल. स्मृतिभ्रंशावरच्या डोनेपेझिलनेही काहींना हा त्रास होतो. मग तो थांबवायला कधी ऑक्सिब्युटिनिन दिली जाते. ती डोनेपेझिलच्या बरोबर उलटं काम करते आणि डोक्यातला गोंधळ वाढवू शकते. पॅचवर पॅच! लोणीला, विळद घाटात मेडिकल कॉलेजं आहेत. लघवी तपासणं आणि गोळ्यांची अख्खी पिशवी डॉक्टरपुढे ओतणं, एवढं तरी डायपरच्या आधी व्हायला नको?

पाणी तोडणं तर अघोरीच. लघवी दाट होते, जळजळते, बद्धकोष्ठ वाढतो, म्हणजे बग आणखी पक्का.

दर दोन तासांनी हाताला धरून नेणं, रात्रभर दिवा, दाराला ठळक रंग, नाडीऐवजी इलॅस्टिक. याने सगळं थांबेल असं नाही. आजार पुढे गेला की डायपर लागतोच, त्यात लाज कसली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, बरंच झालं.

पण दोन तासांचा तो गजर कोणासाठी वाजतो? सुनेसाठी, म्हणजे आपल्या आईसाठी. तीही साठीला आलेली. आपल्याला एक नाइट शिफ्ट पडली तरी कॉम्प-ऑफ हवा असतो, राव! पुणे-नगर जेमतेम १२० किलोमीटर आहे. शनिवार रात्रीचा गजर आपल्या मोबाइलवर लावा आणि आईला झोपू द्या.