पऱ्हाटीचा भाव कोण सांगणार?



चाकणचा कारखानदार गाडीचा भाव स्वतः ठरवतो. आम्ही पऱ्हाटी बांधावर फुकट जाळतो. २०१० च्या सुमारास पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीची ‘ऊर्जा’ शेगडी लाखो घरांत पोचली. जळण काय, तर शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या. आत छोटा पंखा, धूर नावाला. मग कारखान्यांच्या बॉयलरांनी तोच काडीकचरा ओढला, गोळ्या महागल्या, बऱ्याच शेगड्या अडगळीत पडल्या. भाव गोळीला चढला. काडीच्या मालकाला काय मिळाले?

कडबा जनावरांचा, त्याला हात नको. पऱ्हाटी मात्र फरदड न घेता उपटू, गुलाबी बोंडअळीलाही आळा बसेल. गावात गोळीयंत्र आपल्याच मालकीचे बसवू. आधी आपली चूल पेटवू, उरलेले वजनावर विकू. भाव आम्ही सांगू!