जिवंत औषधाची जबाबदारी

भुईमुगाच्या पानावर पडलेला एक तपकिरी ठिपका शहरातील वाचकाला क्षुल्लक वाटेल. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील खरिपाच्या शेतकऱ्याला मात्र त्या ठिपक्यात हंगामाचा हिशेब दिसतो. टिक्का या नावाने ओळखला जाणारा हा बुरशीजन्य रोग दोन रूपांत येतो. पेरणीनंतर साधारण महिन्याने दिसणारे ठिपके तपकिरी व पिवळ्या वलयाचे असतात. उशिरा येणारे काळसर असून पानाच्या खालच्या बाजूस ठळक दिसतात. त्यांच्या जोडीला तांबेरा आला, की ऐन शेंगा पोसण्याच्या वेळी पाने निकामी होतात. दोन्ही रोग एकत्र बळावल्यास निम्म्याहून अधिक उत्पन्न हातचे जाऊ शकते. हे नुकसान दुहेरी असते. कारण शेंगा तोडल्यावर उरणारा पाला हीच कोरडवाहू शेतकऱ्याच्या जनावरांची वैरण होय.

यावर मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम यांसारखी बुरशीनाशके उपलब्ध आहेत आणि ती निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु एकाच औषधाचा वारंवार मारा केल्यास बुरशी त्याला सरावते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील भुईमूग पट्ट्यात बेनोमिल या औषधाबाबत १९७० च्या दशकातच हा अनुभव आला. शिवाय फवारलेला पाला जनावरांपुढे कसा टाकावा, हा प्रश्न उरतोच.

अशा वेळी उपकारक जिवाणूंचा मार्ग विचारात घेण्याजोगा ठरतो. जिवाणू म्हणजे रोग, हे समीकरण शेतकऱ्याच्या मनातून केव्हाच पुसले गेले आहे. भुईमुगाच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारा रायझोबियम त्याच्या परिचयाचा आहे. तसेच पानांचे रक्षण करू शकणारे स्युडोमोनास आणि बॅसिलस कुळांतील जिवाणू आहेत. त्यांतील काही पानावरची जागा व अन्न आधीच बळकावतात, काही बुरशीला मारक द्रव्ये सोडतात, काही तिच्या पेशीभित्तिकेतील कायटिन विरघळवतात, तर काही झाडाचीच प्रतिकारशक्ती जागी करतात. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत या दिशेने काम झाले आहे. कायटिन विरघळवणाऱ्या जिवाणूंसोबत थोडे कायटिनही फवारले तर उशिरा येणारा टिक्का अधिक आटोक्यात राहतो, असे इक्रिसॅटच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

तथापि प्रयोगशाळेतील यश म्हणजे शेतातील यश नव्हे. मातीत मुळांना आश्रय असतो. उघड्या पानावर प्रखर ऊन जिवाणूंना मारते आणि पावसाची सर त्यांना धुऊन नेते. त्यात शेतकऱ्याने त्याच पंपात तांबेयुक्त औषध किंवा प्रतिजैविक मिसळले, तर मित्राचाच नाश होतो. पाटणचेरूच्या प्रयोगांतील सेराशिया जातीचा जिवाणू दुर्बल प्रकृतीच्या रुग्णांना बाधू शकतो. तेव्हा पिकाला उपकारक तो माणसालाही निर्धोक, असे गृहीत धरणे घातक होईल.

खरी मेख पुढेच आहे. घरातील गृहिणीला ठाऊक असते, की विरजण जिवंत असेल तरच दही लागते. जिवाणूंच्या पुडीचेही तसेच. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली महिनोन्‌महिने पडलेल्या पुडीत जिवाणू उरले नसतील, तर शेतकरी पैसे मोजून केवळ भुकटी घरी नेईल. पुढे टिक्का पसरला की तो विक्रेत्याला नव्हे, विज्ञानालाच खोटे ठरवील. विश्वासाला गेलेला हा तडा पुढील संशोधनालाही भोवेल.

म्हणून मागणी साधी आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली अशा उत्पादनांची नोंदणी करावी लागते. पण नोंदणीच्या कागदाने दुकानातील पुडी जिवंत राहत नाही. तीत किती सजीव पेशी उरल्या आहेत याची विक्रीच्या ठिकाणचे नमुने घेऊन तपासणी व्हावी आणि निष्कर्ष तालुक्याच्या ठिकाणी जाहीर व्हावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कृष्णा, कोयना व वारणा खोऱ्यांतील शेतकऱ्यांच्याच रानात, त्यांच्याच पावसात, सलग काही हंगाम चाचण्या घ्याव्यात आणि अपयशही यशाइतक्याच स्पष्टपणे सांगावे. भुईमुगाच्या एका वाणाला ज्या कराडने आपले नाव दिले, त्या परिसराची एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

या पट्ट्यात भुईमुगाची बरीच जमीन गेल्या काही दशकांत सोयाबीनकडे गेली. त्याला बाजारभावासह अनेक कारणे आहेत आणि जिवाणू त्या सर्वांवर उतारा नव्हेत. पण जो शेतकरी अजूनही शेंग पेरतो, त्याच्या हाती दिली जाणारी पुडी तरी जिवंत असावी. जिवंत औषध विकू देणाऱ्या व्यवस्थेवर ते जिवंत ठेवण्याचीही जबाबदारी येते.