हमीपत्रातून वगळलेलं गाव

मागच्या श्रावणात सातच्या शिफ्टला निघताना गाडी सुरू केली आणि शेजारच्या काकू दचकून दारात आल्या. "बुलेट घेतलीस का रे?" माझी गाडी सव्वाशे सीसीची. रोज कुंभवलीतून एमआयडीसीतल्या प्लांटपर्यंत जाते आणि परत येते. बुलेट वगैरे काही नव्हती, सायलेन्सर खालून फुटला होता.

नाक्यावरच्या मेस्त्रीने खाली वाकून नुसतं बोट लावलं तर पत्र्याचा पापुद्रा त्याच्या हातात आला. "दादा, हा आतून गेलाय. वेल्डिंग धरणार नाही. टाका मारायला पत्रा तर पाहिजे ना!"

गाडी चार वर्षांची, एकोणीस हजार किलोमीटर चाललेली, हमी पाच वर्षांची. म्हणून शोरूमला गेलो. काउंटरवरच्या मुलाने फोटो न बघताच सांगितलं, "सर, गंज वॉरंटीत येत नाही." नव्या सायलेन्सरचा भाव साडेबारा हजार. घरी येऊन हमीची पुस्तिका शोधली. बारीक अक्षरात लिहिलं होतं की समुद्राची खारी हवा, औद्योगिक धूर आणि आम्लयुक्त पाऊस यांमुळे झालेलं नुकसान हमीत धरलं जाणार नाही.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. पश्चिमेला नवापूर-मुरब्याचा समुद्र. चहूबाजूंनी तारापूर एमआयडीसी, जिला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ९३.६९ गुण मिळाले आणि देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत प्रदूषणात पहिला नंबर आला. आणि पालघरचा पाऊस तर तुम्हाला माहीतच आहे. त्या एका वाक्यात आमच्या गावाचा पत्ता होता, फक्त पिनकोड तेवढा नव्हता. गाडी विकताना बोईसरचा पत्ता चालतो, कर्जाच्या कागदावर चालतो, आरसी बुकावर चालतो. हमीची वेळ आली की तोच पत्ता आमचा गुन्हा ठरतो.

आता माझ्या पोटापाण्याबद्दल. मी एका केमिकल प्लांटच्या मेंटेनन्स विभागात आहे. गंज हे माझं रोजचं काम. आमच्याकडे साधा फ्लँज आला तरी सोबत मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट लागतं. धातू कोणता, त्यात क्रोमियम किती, निकेल किती, कोणत्या हीट नंबरचा माल, सगळं लिहिलेलं असतं. कागद नसेल तर माल गेटवरूनच परत. लाइनमधून काय वाहणार हे आधी विचारतात आणि मग धातू ठरवतात. ओला क्लोरीन असेल तर थेट टायटॅनियम. महाग पडतं, पण तिथे स्टेनलेससुद्धा टिकत नाही हे माहीत असतं, म्हणून घेतात. "हवा खराब होती म्हणून पाइप गेला" असं एखाद्या सप्लायरने आम्हाला सांगून बघावं!

आणि त्याच हातांनी मी लाखभर रुपयांची गाडी घेतली, तेव्हा सायलेन्सर कोणत्या पत्र्याचा आहे हे विचारायचं सुचलंही नाही. विचारलं असतं तरी सांगणारं कोणी नव्हतं. मायलेज, मोबाइल चार्जिंग, ब्लूटूथ, सगळं ब्रोशरमध्ये होतं. धातूचं नाव नव्हतं.

सायलेन्सर का कुजतो, यात काही गूढ नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन बाहेर पडतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर पुरता तापतो आणि आतलं पाणी उडून जातं. पण तीन-चार किलोमीटरच्या खेपेत तो तापेपर्यंत गाडी स्टँडवर लागलेली असते. वाफ आतच थिजते, धुरातले आम्लाचे अंश त्यात मिसळतात आणि हे पाणी तळाशी साचून राहतं. बाहेरून मीठ आणि चिखल. साधा पत्रा दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो. बाहेर भोक दिसतं तेव्हा आतल्या जाळ्या कधीच गेलेल्या असतात.

यातलं काहीही कंपनीच्या इंजिनिअरला नवीन नाही. मिठाच्या पाण्याची फवारणी करून धातू किती तास तग धरतो हे बघायची चाचणी जगभर चालते. कारच्या सायलेन्सरसाठी क्रोमियमयुक्त ४०९ ग्रेडचं स्टील कित्येक वर्षांपासून वापरात आहे. चीड येते ती याची की स्टेनलेस स्टील आमच्याच एमआयडीसीत बनतं. पत्र्यावर जस्त चढवणारे कारखानेही इथेच. ट्रक भरभरून माल माझ्या गंजक्या गाडीच्या शेजारून जातो.

परदेशातली एक गोष्ट सांगतो. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन माणसाला १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. त्याचे वडील मशिनगनवाले मॅक्सिम. पुढे याच मॅक्सिमच्या कंपनीने इंजिनांचेही सायलेन्सर बनवले, कारण तत्त्व एकच आहे: गरम वायूला कप्प्याकप्प्यांतून फिरवून थंड करायचं आणि सावकाश सोडायचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंदच आहे, पण अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणारा माणूस रायफलवर टायटॅनियमचा सायलेन्सर लावतो. तोही अजरामर नसतो. फार तापला की टायटॅनियमचं बळ कमी होतं, म्हणून लागोपाठ गोळ्या झाडण्यावर काही उत्पादक मर्यादा घालून देतात. पण धातू कोणता ते सांगतात, प्रत्येक नगावर नंबर असतो आणि कित्येक कंपन्या आयुष्यभराची हमी देतात. सुटीत हौसेने वापरायच्या वस्तूला जन्माची हमी आणि माझ्या रोजच्या भाकरीच्या गाडीला "सर, गंज येत नाही". हा फरक धातूच्या किमतीपुरता नाही. तिथे वस्तू फुटली की लोक पहिला प्रश्न बनवणाऱ्याला विचारतात. आपल्याकडे तो वापरणाऱ्याला विचारतात.

मला विचारला गेलाच. दोन दिवसांनी रस्त्यात अडवलं. "मॉडिफाय सायलेन्सर?" मी खाली वाकून भोक दाखवलं. आवाज तर होताच, चलन झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाजाची आणि धुराची मर्यादा मोडणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. हौसेने कर्णकर्कश सायलेन्सर लावणाऱ्यांचे नळकांडे रोडरोलरखाली चिरडल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही. पण ज्याचा सायलेन्सर कंपनीच्या पत्र्याने दगा दिल्यामुळे ओरडतोय, त्याला त्याच रांगेत उभं करायचं?

मेस्त्रीने स्वस्तातला उपाय सुचवला होता. लोकल सायलेन्सर, दीड हजारात. पण एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनमच्या जातीचे महागडे धातू असतात. इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात ते त्यासाठीच. लोकल नळकांड्यात हे काही नसतं. ते लावलं की प्रदूषण करणारा मी, आणि मालकाने परवानगीशिवाय बदल केला म्हणून कलम १८२अ खाली गुन्हेगारही मीच.

कंपन्यांची बाजूही ऐकू. चांगला धातू लावला तर गाडी महाग होईल, म्हणतात. होईल, थोडी. पण चार वर्षांत साडेबारा हजार मी भरतोच आहे, फक्त ते जाहिरातीतल्या किमतीत दिसत नाहीत. दुसरं, गाडी धुवा, पुसा, निगा राखा. बाहेरून पुसेन, आतून कसा पुसू? तिसरं, आमच्या चाचण्यांत गाडी पास आहे. असेल. बीएस-६ मध्ये धुराची पातळी ठरावीक किलोमीटरपर्यंत टिकली पाहिजे अशी अट आहे. पण गंज किलोमीटर मोजत नाही, पावसाळे मोजतो. माझी गाडी चालली कमी आणि भिजली जास्त. त्या भिजण्याचा हिशोब कोणाच्या चाचणीत आहे?

कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीवर अख्खं प्रकरण आहे. कलम ८४ नुसार वस्तूच्या रचनेत दोष असेल तर उत्पादक जबाबदार. पण 'हानी'च्या व्याख्येत वस्तूचं स्वतःचं नुकसान धरलेलं नाही. सायलेन्सर फुटून माझा पाय भाजला तर हे कलम, नुसता सायलेन्सर फुटला तर नाही. तेव्हा मार्ग उरतो सदोष मालाच्या तक्रारीचा. तो साधा आहे आणि आपण तो वापरत नाही. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षांची. धातूत खोट आहे का हे तपासायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मला तेच हवं आहे. माझा कुजका सायलेन्सर मी भंगारात दिलेला नाही. गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलाय.

याहून मोठं हत्यार कलम ११०अ. पर्यावरणाला किंवा रस्त्यावरच्या माणसांना अपाय करणारा दोष असेल तर सरकार अख्ख्या मॉडेलच्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. त्यासाठी गाडीमालकांच्या तक्रारींची संख्या लागते, आणि आपण तर "जाऊ दे, टाकू नवीन" म्हणून मोकळे होतो.

मागणी तीन ओळींची आहे. सायलेन्सरचा धातू, जाडी आणि मिठाच्या चाचणीतले तास मायलेजइतक्याच मोठ्या अक्षरात छापा. युरोपात कारच्या बॉडीला गंजून भोक पडण्याविरुद्ध बारा बारा वर्षांची हमी मिळते, तशी निदान पाच वर्षांची सायलेन्सरला द्या. आणि समुद्र, धूर, पाऊस वगळणारं ते कलम काढा. काढायचं नसेल तर बोईसरच्या शोरूमच्या दारावर पाटी लावा: ही गाडी या गावासाठी नाही.

तोवर तुम्ही एक करा. आज गाडीजवळ जा, खाली वाका, सायलेन्सरच्या पोटाचा फोटो काढा. तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. भोक असेल तर शोरूमकडून नकार तोंडी घेऊ नका, जॉब कार्डावर लिहून घ्या, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. माझी नोंदवून झाली आहे. मी एकटा असेन तर ती एका माणसाची कुरकुर ठरेल. आपल्या एमआयडीसीच्या गेटबाहेर शिफ्टला किती गाड्या लागतात, ते तुम्हीच मोजा.