साधेपणाची कसोटी

वस्तू कशी दिसावी हे ठरविण्यापूर्वी ती मुळात असावी की नाही, हा प्रश्न विचारणारे रचनाकार विरळाच. जर्मनीचे डीटर राम्स यांनी तो आयुष्यभर विचारला आणि अखेरीस स्वतःच्या व्यवसायालाही लागू केला.

१९३२ साली वीसबाडेन येथे जन्मलेल्या राम्स यांना लाकूडकामाची गोडी लागली ती सुतार आजोबांमुळे. १९५५ साली ते ब्राउन कंपनीत दाखल झाले. पुढच्याच वर्षी हान्स गुगेलोट यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेल्या रेडिओ-ग्रामोफोनला पारदर्शक झाकण होते. दिवाणखान्यातील लाकडी कपाटवजा रेडिओला सरावलेल्या लोकांनी त्याची ‘हिमगौरीची शवपेटी’ म्हणून थट्टा केली. थट्टा विरली, झाकण मात्र रूढ झाले. १९६१ ते १९९५ या काळात कंपनीच्या रचनाविभागाची धुरा त्यांच्याकडेच होती.

व्हिट्सो कंपनीसाठी १९६० साली त्यांनी आखलेली भिंतीवरील फळ्यांची मांडणी आजही तयार होते. गरजेप्रमाणे तीत फळ्या वाढविता येतात आणि बिऱ्हाड हलविताना ती उतरवून नेता येते. ‘कमी, पण अधिक चांगले’ या त्यांच्या सूत्राचा खरा अर्थ येथे उमगतो.

अशा वस्तू सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेरच्या असतात, हा आक्षेप खोटा नाही. तथापि साधेपणाची कसोटी किंमत नव्हे, टिकाऊपणा होय. राम्स यांच्या गुळगुळीत, पांढऱ्या रूपाचे अनुकरण आज सर्वत्र दिसते. परंतु आतील बॅटरी सहज बदलता येऊ नये अशी योजना करून वस्तू लवकर टाकाऊ ठरविली जात असेल, तर तो साधेपणा नव्हे, साधेपणाचे सोंग आहे.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. ब्राउन कंपनीचा ज्या उल्मच्या रचनाविद्यालयाशी निकटचा संबंध होता, तेथेच शिकलेल्या सुधाकर नाडकर्णी यांचा पवईच्या आय.आय.टी.त १९६९ साली सुरू झालेल्या औद्योगिक रचना केंद्राच्या उभारणीत मोठा वाटा होता. जुने ते दुरुस्त करून वापरणे हा तर आपल्याकडे घरोघरचा शिरस्ता. तो आता कंजूषपणा ठरू लागला आहे.

पुन्हा जन्म मिळाल्यास आपण रचनाकार होणार नाही, जगात अनावश्यक वस्तू फार झाल्या आहेत, अशा आशयाचे उद्गार राम्स यांनी काढले, ते २०१८ साली त्यांच्यावर निघालेल्या माहितीपटाच्या निमित्ताने विशेष गाजले. त्यांत वैफल्य पाहणे चुकीचे ठरेल. रचनाकाराने कितीही वगळले, तरी ग्राहकाला वगळता आले नाही तर ते श्रम वाया जातात, एवढाच त्यांचा अर्थ.