नळापासून लोकसभेपर्यंत

लोकसभेने २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर केले. बाके वाजवणाऱ्यांत जवळपास सगळेच पक्ष होते. पुढच्या उन्हाळ्यात निवडणूक झाली. कायद्याची अंमलबजावणी जनगणनेला आणि मतदारसंघ फेररचनेला बांधून ठेवलेली, त्यामुळे तिकिटे वाटताना कोणावर सक्ती नव्हती. निकाल लागला तेव्हा ५४३ पैकी ७४ जागांवर महिला होत्या. आधीच्या सभागृहात ७८ होत्या. एकतृतीयांश जागांच्या बाजूने मत देणाऱ्या पक्षांना स्वतःच्या यादीत तेवढी नावे घालायला कायद्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही बहुतेकांनी ती घातली नाहीत.

अशा वेळी मृणाल गोरे यांची कारकीर्द पुन्हा तपासून पाहावीशी वाटते. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा मुंबईभर झाली. त्या लोकसभेत देशभरातून अवघ्या १९ महिला होत्या. त्यातल्या दोघी मुंबईच्या, मृणालताई आणि अहिल्याताई रांगणेकर. एक समाजवादी, दुसरी मार्क्सवादी; पण महागाईविरुद्ध दोघी एकाच मोर्चात चाललेल्या.

मृणालताई तिथवर पोहोचल्या त्या एकेक पायरी चढत. राष्ट्र सेवा दलाच्या कामापायी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले. १९५८ मध्ये पती केशव ऊर्फ बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. गोरेगावच्या ग्रामपंचायतीपासून सुरू झालेले काम १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत गेले. पाणीवाली बाई हे नाव त्यांना कोणा प्रचारप्रमुखाने दिलेले नाही. रात्री-अपरात्री नळाशी हंडे लावून बसणाऱ्या बायकांना घेऊन त्यांनी पालिकेत धडक मारली, जलवाहिनी कुठून येते आणि पाणी कुठे मुरते हे अभियंत्यांइतके समजून घेतले, म्हणून ते नाव पडले. १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. त्याच सुमारास महागाई प्रतिकार महिला समितीचा लाटणे मोर्चा निघाला. तेल, साखर, रॉकेल यांसाठी कधी रस्त्यावर न उतरलेल्या गृहिणी हातात लाटणे घेऊन उतरल्या, ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजू लागल्या. आणीबाणीत मृणालताई भूमिगत झाल्या, पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात शेजारी मनोरुग्ण आणि कुष्ठरोगी कैद्यांच्या कोठड्या होत्या. तिथून त्या लोकसभेच्या उमेदवार झाल्या.

दिल्लीत मोरारजी देसाई यांनी देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले. लोकसभा अडीच वर्षांतच विसर्जित झाली. पुढे विधानसभेत परतल्यावर त्यांनी केलेले एक काम मात्र देशाच्या कायद्यात जाऊन बसले. गर्भजल चाचणी करून मुलींचे गर्भ पाडले जात होते आणि त्याच्या जाहिराती उघडपणे झळकत होत्या, त्या काळात मृणालताईंनी याविरुद्ध खासगी विधेयक मांडले. स्त्री संघटनांची चळवळ बाहेर आणि त्या आत, असा रेटा लागला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला असा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडले. दिंडोशीत नागरी निवारा परिषदेची सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली, त्यामागेही त्या होत्याच.

आज अशा बायका नाहीत का? भरपूर आहेत. १९९३ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत एकतृतीयांश जागा महिलांना मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. सरपंच, सभापती, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष म्हणून हजारो बायकांनी टंचाई आराखडे केले, ठेकेदारांशी भांडण काढले, ग्रामसेवकाला जाब विचारला. सुरुवातीला नवऱ्याच्या सांगण्यावरून सही करणारी सरपंच दुसऱ्या वर्षी स्वतः फाइल वाचू लागते, हे गावोगावी दिसले आहे. पण जिल्हा परिषदेच्या पुढे वाट अडते. महाराष्ट्रातून २०२४ मध्ये लोकसभेवर गेलेल्या सातजणींपैकी पाचजणींच्या घरात आमदारकी-खासदारकी आधीच होती. त्यांच्या स्वतःच्या कामाला उणे लेखण्याचे कारण नाही. रक्षा खडसे यांनी तर सरपंचपदापासून सुरुवात केली आहे. दोष पक्षांचा आहे. ४८ जागांच्या राज्यात वडील, पती किंवा सासरे आमदार-खासदार नसताना पुढे गेलेल्या दोघीच त्यांना सापडल्या, त्याही जळगावच्या जिल्हा परिषदेत आणि नाशिकच्या महापालिकेत कारभार केलेल्या.

सक्ती नसतानाही करता येते, हे ओडिशाने दाखवले. २०१९ मध्ये बिजू जनता दलाने २१ पैकी सात जागांवर महिला दिल्या, पाच जिंकल्या. त्यात अस्का मतदारसंघातून प्रमिला बिसोई होत्या. बचत गटात काम केलेली, जेमतेम शिकलेली, सत्तरीच्या आसपासची बाई दोन लाखांहून अधिक मताधिक्याने लोकसभेत गेली. 'निवडून येण्याची क्षमता' हा आपल्याकडच्या निवड समित्यांचा आवडता शब्द. अस्काच्या मतदारांनी त्याला पुरते उत्तर दिले आहे.

महाराष्ट्राने तर ही वाट आणखी रुंद करायची सोडून बंदच करून टाकली होती. मृणालताई ज्या पालिकेत १९६१ मध्ये गेल्या, तिची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षे उलटून गेली तरी तिथे प्रशासक होता. इतर महापालिका आणि जिल्हा परिषदांचीही तीच गत. निम्म्या जागा महिलांच्या असलेली सभागृहे रिकामी राहिली, म्हणजे कारभार शिकणाऱ्या बायकांची एक अख्खी फळी घरी बसली. याचा जाब ना सत्ताधाऱ्यांनी दिला, ना विरोधकांनी पुरेशा जोरात मागितला.

जनगणना होईल, फेररचना होईल, आरक्षणही लागू होईल. त्या दिवशी राखीव जागांवर घरातलीच नावे पुढे करायची की पंचायतींतून तयार झालेल्या बायकांना संधी द्यायची, याची तयारी आजच करावी लागते. माजी महापौर, अध्यक्ष, सभापती महिलांची यादी प्रत्येक पक्षाच्या जिल्हा कार्यालयात आहे. लोकसभेच्या उमेदवारीसाठी त्यातली किती नावे प्रदेश समितीने दिल्लीला पाठवली आणि जी वगळली ती कशासाठी, हे पक्षांनी पुढच्या निवडणुकीपूर्वी जाहीर करावे.