निळूभाऊंची नक्कल पुरे, सिनेमे दाखवा

पिंपळे गुरवच्या नाट्यगृहाला निळू फुले यांचं नाव आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण माझ्या मुलासोबत चाकणला कामाला जाणाऱ्या पोरांना निळू फुले म्हटलं की फक्त बाईला वाड्यावर बोलावणाऱ्या पाटलाची नक्कल आठवते. मोबाइलवर तेवढीच फिरते. चाळीस वर्षं पडद्यावर काम केलेल्या नटाचं एवढंच उरावं, हे मला सहन होत नाही.

मी भोसरीत टर्नर होतो. ऐंशीच्या दशकात आमच्या मंडळानं गणपतीत रस्त्यावर पडदा लावून ‘सामना’ दाखवला. समोर बसलेले निम्मे लोक सातारा, सोलापूर, सांगलीकडून पोटासाठी आलेले. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे पाटील बोलायला लागला, तसा शेजारचा फिटर हळूच म्हणाला, “आमचे चेअरमन असेच बोलतात.” हिंदूराव आरडाओरडा करत नाही. रस्त्यावरच्या दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. त्या अगत्याचीच भीती वाटते. पुढे मास्तर मारुती कांबळेचं काय झालं म्हणून विचारत राहतो आणि निळूभाऊंच्या चेहऱ्यावरची खात्री कणाकणानं ढासळते. डॉ. श्रीराम लागूंसारखा मास्तर समोर असताना हे करून दाखवणं सोपं नव्हतं. १९७५ साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता.

चारच वर्षांनी, पुन्हा तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. ‘सिंहासन’मध्ये निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झाले. दिगू मंत्र्यांकडे जातो, कामगार पुढारी डिकास्टाला भेटतो, सगळ्यांचं ऐकून घेतो. स्वतः फार बोलत नाही. ऐकता ऐकता त्याच्या आत काहीतरी साचत जातं आणि शेवटी त्याचा तोल सुटतो. मराठी पडद्यावर नुसतं ऐकणं इतक्या ताकदीनं दुसऱ्या कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. हिंदूराव आणि दिगू एकाच माणसाचे आहेत, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

१९८४ च्या ‘सारांश’मधला पुढारी गजानन चित्रे तर मुंबईचा, म्हणजे धमकीची रीतही वेगळी. रंगभूमीवरचा सखाराम बाइंडर आणखी निराळा.

हा माणूस कुठून आला, तेही आम्हा कामगारांना ठाऊक असायला हवं. पुण्याच्या सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केलं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले. ‘एक गाव बारा भानगडी’ आला १९६८ साली, तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. पुढे नाव झाल्यावरही अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम त्यांनी सोडलं नाही.

१३ जुलै २००९ रोजी ते गेले. त्या तारखेच्या आसपासचा गुरुवार महापालिकेनं दरवर्षी त्यांच्यासाठी राखून ठेवावा, कारण आपल्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना त्या दिवशी साप्ताहिक सुटी असते. त्यांच्याच नावाच्या नाट्यगृहात ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘सारांश’ दाखवावेत. कंत्राटी पोरालाही परवडेल असं तिकीट ठेवावं आणि कंपन्यांच्या गेटवर फलक लावावेत. सुरुवात येत्या जुलैपासूनच करावी, ही माझी महापालिकेला विनंती आहे.